फायबर मारूनही बागेतलं तळं गळतंय? आधी फायबरची उलटी बाजू बघा

तक्रार ठरलेली असते. बागेत विटा-सिमेंटचं छोटं तळं बांधलं, गिलावा केला, पाणी भरलं आणि ते झिरपलं. मग कुणीतरी सांगितलं, फायबर मारून घ्या, कायमचं काम होईल. दिवाळीनंतर फायबरवाला आला, मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि रेझिन (वाळून टणक होणारा चिकट द्रव) लावून गेला. उन्हाळाभर सगळं झकास. पावसाळ्यात तळाला फुगे आले, कोपऱ्यात पापुद्रा सुटला आणि पुढच्या दिवाळीला पाणी पुन्हा वीतभर खाली. त्या जागी ठिगळ लावलं, तर पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी फुटलं. वर्षानुवर्षं हेच करणारी घरं आहेत, आणि दरवेळी शिव्या फायबरला पडतात.

खरं तर नीट बसलेलं फायबर सहसा गळत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या कितीतरी होड्या याच मालाच्या आहेत. तळ्यातलं फायबर गळत नाही, ते सिमेंटवरून सुटतं. सुटलं की हलतं, हललं की कोपऱ्यात किंवा पाइपाशी चिरतं, आणि मग पाणी मागे शिरून उरलेलंही सोडवतं. त्यामुळे चीर दिसली तिथे वरून ठिगळ मारणं म्हणजे रोगाच्या शेवटच्या लक्षणावर औषध. ते का सुटलं हे कळल्याशिवाय रेझिनचा डबा उघडू नका.

आधी ऊन किती पितं ते मोजा

गळती शोधायच्या आधी गळती आहे का ते ठरवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पुण्याकडे उघड्या तळ्यातलं पाणी दिवसाला पाऊण ते एक सेंटिमीटर सहज उडतं. विदर्भ-मराठवाड्यात त्याहून जास्त, आणि कारंजं चालू असेल तर विचारूच नका. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे ३० लिटर. आठवड्याला दोनशे लिटर पाणी वरून घालावं लागलं की माणूस घाबरतो आणि फायबरवाल्याला फोन लावतो. फायबर मात्र शाबूत असतं.

एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरा आणि तळ्यात विटांवर अशी ठेवा की आतली आणि बाहेरची पातळी साधारण सारखी येईल. दोन्हीकडे बारीक मार्करने रेघ मारा, पंप बंद करा, दोन दिवस हात लावू नका. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते ऊन-वाऱ्याचं काम. तळ्यात जास्त उतरलं तर जो फरक आहे तेवढीच गळती. बादली अंगणात ठेवून हे करू नका. बाहेर तिचं पाणी जास्त तापतं आणि सगळा हिशेब चुकतो.

रेघ बारीक हवी, त्यालाही कारण आहे. सेकंदाला एक थेंब अशी गळती दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास जाते. तीन चौरस मीटरच्या तळ्यात तेवढ्याने पातळी दीड मिलिमीटरसुद्धा उतरत नाही. एवढीशी गळती डोळ्याला दिसत नाही, पण फायबरच्या मागची भिंत बारा महिने ओली ठेवायला ती पुरते.

बादलीने गळती दाखवली तरी लगेच फायबरवर जाऊ नका. आधी कड बघा. लॉनचं गवत, शेवाळ, कुंडीखाली घातलेली काथ्याची चटई किंवा गोणपाटाचा तुकडा कडेवरून पाण्यात उतरला असेल, तर तो केशाकर्षणाने गुपचूप पाणी बाहेर नेतो. धबधबा केला असेल तर त्याच्या दगडामागे हात घालून बघा, माती ओली आहे का. यातलं काही सापडलं तर कात्रीने काम भागतं.

यातही काही नसेल तर मासे टबात काढा आणि पाणी घालणं थांबवा. पातळी उतरता उतरता एका जागी मंदावते आणि पुढे बादलीइतकीच उतरू लागते. गळती त्या पातळीच्या जरा वर. सगळीकडे खडूने आडवी रेघ मारा आणि तेवढाच पट्टा तपासा. चीर सापडली तर खायचा रंग दाट कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने तिच्याजवळ अगदी हळू सोडा. पाणी स्थिर असेल तर रंगाची रेघ चिरेत ओढली जाताना दिसते. यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरायला सांगणारे भेटतील. मासे असतील तर ते नको, मात्रा जरा जास्त झाली की मासे जातात.

पाइप

तळापर्यंत पाणी उतरत असेल आणि तळ्याला खालून निचऱ्याचा पाइप असेल, तर माझा पहिला संशय तिथेच. फायबरवाले सहसा वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन पीव्हीसीवर धरत नाही. वाळल्यावर घट्ट दिसतं, पण पाइप उन्हाने तापून थोडा लांबला की कडेने केसाएवढी फट पडते. त्यावर कितीही मॅट गुंडाळा, पुढच्या उन्हाळ्यात तीच फट पुन्हा हजर.

छतावरच्या टाकीला लावतात तसा टँक कनेक्टर इथे वापरायचा, दोन्हीकडून रबरी वॉशर आणि नट असलेला. आधी फायबर पूर्ण होऊ द्या, त्या जागेचा पृष्ठभाग ग्राइंडरने सपाट करा, मग भोक पाडून कनेक्टर आवळा. वॉशर फायबरवर बसला पाहिजे, सिमेंटवर नाही. भोकाच्या कापलेल्या कडेला आधी रेझिन चोपडायला विसरू नका, नाहीतर तिथून पाणी थेट मॅटच्या धाग्यांत शिरतं. जुना पाइप भिंतीतच पक्का असेल तर त्याच्याभोवती बोटभर रुंद, सेंटिमीटरभर खोल खाच पाडा, कोरडी करा आणि त्यात पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिलिकॉन नको, एकदा ते लागलं की त्यावर पुढे काहीच चिकटत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर घरच्या तळ्याला तळाशी भोकच ठेवू नये. पंप आत, नळी कडेवरून बाहेर, आणि जादा पाण्याची वाट वरच्या कडेशी. वर्षातून एकदा पाणी उपसायला तोच पंप पुरतो.

सोला आणि बघा

आता मुख्य काम. पाणी काढा, तळं दोन दिवस सुकू द्या आणि रुपयाच्या नाण्याने सगळ्या फायबरवर ठोकत फिरा. चिकटलेल्या जागी टणक, बारीक आवाज येतो. सुटलेल्या जागी ढबढब. पोकळ भाग खडूने आखत जा. आखून झाल्यावर बहुतेकांना धक्का बसतो, कारण चीर वीतभर असते आणि खडूची रेघ अर्धा तळ व्यापून असते.

सगळ्यात वाईट जागी ग्राइंडरने तळहाताएवढी चौकट कापा, पटाशी घालून तुकडा उचला आणि उलटा करा. मास्क आणि चष्मा लावूनच. फायबरची धूळ फुप्फुसात जायला नको. या तुकड्याच्या पाठीवर सगळा इतिहास लिहिलेला असतो.

पाठ ताटाच्या बुडासारखी गुळगुळीत आणि चकचकीत असेल, तर रेझिन सिमेंटमध्ये मुरलंच नव्हतं. गवंडी हौदाच्या गिलाव्यावर शेवटी कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने घोटतात. डोळ्याला छान दिसतं, पण रेझिनला धरायला तिथे काही नसतं. हा थर ग्राइंडरने उडवायलाच हवा होता.

पाठीला सिमेंट-वाळूचे कण गच्च चिकटून आले असतील तर फायबरवाल्याला दोष देऊ नका. रेझिन धरलं होतं, गिलावाच कच्चा निघाला. मागे वीट दिसत असेल तर गिलावा विटेपासून सुटलाय. तो काढून नवा करण्यावाचून इलाज नाही.

पांढरी भुकटी असेल, बोटाला खारट-ओली लागली, तर तो भिंतीला फुटलेला लोणा. काम ओल्या भिंतीवर झालं, किंवा भिंत नंतर मागून ओली झाली. सिमेंटमधला अल्कली ओलीबरोबर पॉलिएस्टर रेझिनला खातो. तेल आणि कॉस्टिकपासून साबण बनतो तीच ही क्रिया. रेझिनचा सिमेंटला टेकलेला पातळ थर हळूहळू कुजतो आणि वरची चटई जशीच्या तशी राहून सुटी होते. माझ्या पाहण्यात दरवर्षी सुटणाऱ्या तळ्यांत हेच कारण सगळ्यात जास्त असतं.

पाठीला पांढरे, कोरडे धागे दिसले तर मॅट रेझिनने पुरती भिजलीच नव्हती. अशा धाग्यांतून पाणी फूट-फूट लांब पळतं, म्हणून गळतीची जागा आणि ओलीची जागा जुळत नाही.

आणि छोटे टणक फुगे असतील, एखादा टोचल्यावर चिकट थेंब बाहेर आला आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर रेझिन नीट पिकलं, म्हणजे पूर्ण टणक झालं नव्हतं. पाणी रेझिनमधून अतिशय सावकाश आत झिरपतं, न पिकलेला अंश विरघळवतं आणि तिथे दाब तयार होतो. होड्यांच्या बुडालाही हाच आजार होतो. टोचताना डोळ्यांवर चष्मा हवा, थेंब पिचकारीसारखा उडतो.

पावसाळ्यात तळं रिकामं करू नका

जमिनीत खोदलेल्या तळ्याचं एक गणित लोकांच्या लक्षात येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाजूच्या मातीत पाणी साठतं. ते तळ्याच्या बुडापेक्षा फक्त एक फूट वर असेल तरी खालून दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलोचा दाब बसतो. तळं भरलेलं असताना आतलं पाणी तो तोलून धरतं. कुणीतरी हौसेने गणपतीच्या आधी तळं धुवायला रिकामं करतं आणि तीन चौरस मीटरच्या तळावर ९०० किलो वर ढकलायला लागतात. दोन मिलिमीटरच्या चटईने किती धरून ठेवायचं? दुसऱ्या दिवशी तळ मधोमध टम्म फुगलेला दिसतो.

जांभ्याच्या जमिनीत, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथे पाणी सरसर झिरपत येतं. तिथे हा त्रास पहिल्याच पावसात होतो.

तळ्याला लागून, त्याच्या बुडापेक्षा हातभर खोल असा चार इंची पीव्हीसी पाइप उभा पुरून ठेवा. त्याला खालच्या भागात भोकं पाडा, भोवती जाळी गुंडाळा, बाजूने खडी भरा आणि वर झाकण लावा. काठी घालून आत पाणी किती वर आलंय ते कधीही बघता येतं. तळं रिकामं करायचीच वेळ आली तर आधी या पाइपातलं पाणी उपसा आणि तळ्याचं काम संपेपर्यंत उपसत राहा. छताचं पाणी तळ्याशेजारी पडत असेल तर ती पन्हळही दुसरीकडे वळवा. फार खर्चाचं नाही हे, पण फायबरचं आयुष्य यावर ठरतं.

पाया

नवा गिलावा २८ दिवस पिकू द्या आणि त्यानंतर सुकू द्या. पिकणं आणि सुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी आपण पाणी मारतो, दुसऱ्यासाठी ते बंद करावं लागतं. सुकलं की नाही ते बघायला हातभर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने तळाला आणि भिंतीच्या खालच्या भागाला चिकटवा. रात्रभर, निदान १६ तास ठेवा. उचलल्यावर खाली दव दिसलं किंवा सिमेंट काळपट झालेलं असेल तर थांबा. काम करायला चांगला काळ जानेवारी अखेर ते एप्रिल. नोव्हेंबरात वर कोरडं दिसतं, पण मातीत पावसाचं पाणी अजून असतं. दिवाळीनंतर लगेच केलेली कामं पुढच्या वर्षी का सुटतात त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

भिंत आणि तळ मिळतात त्या काटकोनी कोपऱ्यात मॅट बसत नाही. ती ताठ असते, रेझिन आवळून घट्ट होईपर्यंत बाहेर सरकते आणि मागे पोकळी राहते. गच्चीवर कठड्याच्या मुळाशी गवंडी जो वाटा काढतात, तसाच सिमेंटचा गोलाकार वाटा इथेही सगळीकडे काढून घ्या. कोपऱ्यात चिरलेली जितकी तळी असतात, त्यातल्या बहुतेकांना वाटा नसतो.

मग ग्राइंडरला दगडी कप लावून सगळा पृष्ठभाग खरबरीत करा, लोणा घासून काढा, धूळ व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने काढा. पाण्याने धुऊ नका. आठवडे घालवून सुकवलेलं पुन्हा भिजवायचं कशाला?

पॉलिएस्टर की एपॉक्सी

कोरड्या, पक्क्या, खरबरीत गिलाव्यावर पॉलिएस्टर चालतं आणि ते स्वस्त पडतं. पहिला हात पातळ रेझिनचा, थोडं स्टायरीन (पॉलिएस्टर पातळ करणारा द्रव) मिसळून, म्हणजे छिद्रांत मुरतं. पाण्याखाली राहणाऱ्या कामाला साध्या जीपी (जनरल पर्पज) रेझिनपेक्षा पाण्यात जास्त टिकणारं आयसो (आयसोफ्थॅलिक) रेझिन घ्या, विशेषतः शेवटच्या थराला.

मागून ओल येण्याची शक्यता थोडीही असेल तर सगळं एपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये करा. अल्कलीला ते जास्त दाद देत नाही आणि धरतंही घट्ट. पण एक अडचण: फायबरवाले वापरतात ती चिरलेल्या धाग्यांची मॅट ज्या गोंदाने बांधलेली असते तो गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीने नाही. मॅट कडक राहते, वळत नाही, पांढरी दिसते. एपॉक्सीबरोबर विणलेलं काचेचं कापड वापरा. खाली एपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिएस्टर असं मिश्रण बरेच जण करतात. एपॉक्सीतली अमाइन नावाची रसायनं वरच्या पॉलिएस्टरला पिकू देत नाहीत, त्यामुळे सांध्यात चिकट थर राहतो. करायचंच असेल तर ओल्या प्रायमरवर कोरडी वाळू भुरभुरा, आठवडाभर पिकू द्या, साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवा आणि मग पुढे जा.

प्रत्यक्ष काम

माल किती लागेल? आपलं तेच तळं घ्या, दोन बाय दीड मीटर, ६० सेंटिमीटर खोल. तळ तीन चौरस मीटर, भिंती सव्वाचार, कड आणि जोड धरून साडेआठ. ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर म्हणजे पावणेआठ किलो मॅट. रेझिन मॅटच्या वजनाच्या अडीचपट, म्हणजे १९ किलो, आणि प्रायमर व वरच्या थरासाठी सहा-सात किलो आणखी. कुणी साडेआठ चौरस मीटर दहा किलो रेझिनमध्ये उरकून देतो म्हणाला तर तो एकच थर देतोय किंवा कोरडे धागे सोडणार आहे.

रेझिन, कोबाल्ट (पिकण्याचा वेग वाढवणारा) आणि हार्डनर (रेझिन पिकवणारा) वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर घाला. काम शिकाऊ पोराच्या हातात देताना हे तोंडी सांगून भागत नाही. बाटल्या वेगळ्या जागी ठेवा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा लागणारच. मिसळायला थर्माकोलचा कप घेऊ नका, रेझिन तो विरघळवून टाकतं.

हार्डनरचं प्रमाण साधारण एक ते दोन टक्के, माल देणाऱ्याच्या कागदावर असेल तसं. उन्हाळ्यात खालच्या बाजूला राहा. पण ‘लवकर सेट होतंय’ म्हणून अर्ध्या टक्क्यावर आणू नका. मग ते महिनाभर अर्धकच्चं राहतं आणि वर सांगितलेले आंबट फुगे तिथेच जन्मतात. त्यापेक्षा एका वेळी अर्धा-एक किलोच कालवा. डब्यात उरलेलं रेझिन तापून धूर सोडतं, ते कोरड्या गवतावर टाकू नका.

काम दिवसाच्या कोणत्या वेळी करावं याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सिमेंटच्या छिद्रांत हवा असते. सकाळी ऊन चढतं तसं सिमेंट तापतं, हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. प्रत्येक बुडबुडा पुढे सुईच्या टोकाएवढं भोक होतो. पहिला हात दुपार कलल्यावर, सिमेंट थंड होत असताना द्या. तेव्हा छिद्रं उलट रेझिन आत ओढतात. फेब्रुवारीत रात्री दव पडतं, म्हणून अंधार पडायच्या आत ते आवळलेलं असावं. वर ताडपत्रीची सावली केली तर दोन्ही प्रश्न हलके होतात.

मॅट लावताना खाली रेझिन, वर मॅट, त्यावर पुन्हा रेझिन आणि मग लोखंडी चकत्यांचा रोलर. रोलर दाबून नाही, फिरवून. मॅटमधली हवा कडेकडेने बाहेर येताना दिसते. धागे पांढरे असताना अजून रेझिन हवं, आरपार खालचं सिमेंट दिसायला लागलं की झालं. तुकडे एकमेकांवर दोन इंच चढवा, दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर येऊ देऊ नका. वरून टिश्यू, म्हणजे काचेच्या धाग्यांचा तलम थर लावलात तर कुसळं वर येत नाहीत.

फायबरची वरची कड कुठे संपवायची हा शेवटचा महत्त्वाचा भाग. कड भिंतीवर उघडी सोडली की पाऊस तिच्यामागे उतरतो. शिवाय उन्हात फायबर सिमेंटपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे सुटण्याची सुरुवात वरूनच होते. भिंतीच्या माथ्यावर वळवून घ्या आणि वर फरशी किंवा दगड बसवून झाका.

वर चिकटच राहिलं तर

पॉलिएस्टर हवेच्या संपर्कात वरून पूर्ण पिकत नाही, तो त्याचा गुणच आहे. मधल्या थरांना हे चांगलं, पुढचा थर त्यावर घट्ट बसतो. शेवटच्या थरात मात्र मेणाचं द्रावण मिसळावं लागतं. मेण वर तरंगतं आणि हवा अडवतं. ते राहून गेलं असेल तर ॲसिटोनने पुसून, हलकं घासून, मेणवाला एक थर द्या. नखाने दाबल्यावर खोलवर मऊ लागत असेल तर हार्डनर कमी पडलाय. तेवढं खरवडून काढण्याशिवाय मार्ग नाही.

हेच मेण ठिगळाचा शत्रू आहे. जुन्या वरच्या थरावर नुसता ब्रशने रेझिन मारून लावलेलं ठिगळ मेणावर बसतं आणि सहा महिन्यांत सोललं जातं. ठिगळ लावायचं तर खडूने आखलेला सगळा पोकळ भाग कापून काढा, कडेचं चांगलं फायबर ४० नंबरच्या सँडिंग डिस्कने तीन इंचांपर्यंत उतरतं घासा, मागचं सिमेंट सुकवा आणि मग थर चढवा. पिकलेल्या जुन्या फायबरवर एपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं, म्हणून ठिगळापुरतं तरी एपॉक्सी आणि विणलेलं कापड घ्या. अर्ध्याहून जास्त तळ पोकळ असेल तर ठिगळांत पैसे घालवू नका, सगळं काढा.

काळ्या मातीत

सोलापूर, लातूर, अकोला, यवतमाळ अशा भागांतल्या वाचकांसाठी वेगळं सांगतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यातल्या भेगांत हात जातो. अशा जमिनीत पायाशिवाय बांधलेला विटांचा हौद दरवर्षी थोडा थोडा उघडतो आणि मिटतो. हलणाऱ्या भेगेवर फायबर टिकत नाही. एकच भेग असेल तर ती रुंद करून पॉलियुरेथेन सीलंट भरा, वर चार इंची प्लास्टिकची पट्टी न चिकटवता ठेवा आणि मग फायबर घ्या; पट्टीवरचा भाग मोकळा राहिल्याने ताण एका रेघेवर येत नाही. तीन-चार भेगा असतील तर फायबरचा नाद सोडा आणि शेततळ्याला वापरतात ते ५०० मायक्रॉनचं प्लास्टिकचं कापड अंथरा. दिसायला फायबरइतकं नेटकं नाही, कोपऱ्यात घड्या पडतात, पण जमिनीबरोबर हलतं.

पाणी आणि मासे

शेवटचा थर झाल्यावर निदान आठवडाभर उन्हात मोकळं राहू द्या. मग साबणाने धुवा, भरा, दोन-तीन दिवसांनी उपसा. नाक पाण्याजवळ नेल्यावर स्टायरीनचा वास येईनासा होईपर्यंत हे पुन्हा करा. उपसलेलं पाणी झाडांच्या आळ्यात किंवा विहिरीकडे सोडू नका. कमळाची कुंडी ठेवताना तिच्याखाली रबराचा किंवा जुन्या चटईचा तुकडा घाला, कुंडीच्या बुडाच्या कडेने तळ घासला जातो. हे भरणं-उपसणं चालू असताना तळाशी चार बोटं पाणी साचून राहिलं तर एडिस डास तिथे अंडी घालतात, तेव्हा रिकामं असताना ते कोरडंच ठेवा. शेवटचं पाणी नळाचं असेल तर क्लोरिन उडायला दोन दिवस द्या, बादलीची चाचणी पुन्हा एकदा करून घ्या आणि आधी चारच गप्पी सोडा. आठवडाभर ते खेळते राहिले की टबातले बाकीचे.